गाणं नेमकं कोण म्हणतंय?

प्रश्न : नाना, तुमची सिनेपरीक्षणं नेमाने वाचतो. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हल्लीच्या सिनेमांत पूर्वीसारखी मनात घर करणारी गाणी का नसतात? आपली अहिराणी गाणी कोट्यवधी लोक बघतात, तरी पेपरात त्यांच्याबद्दल ओळभर येत नाही, आली तर ‘थिल्लर’ म्हणून. ती खरंच तशी आहेत का? आणि गाण्यात एवढा गाजणारा खान्देश, त्याचा स्वतःचा म्हणावा असा सिनेमा का नाही? जाता जाता, लहान बहिणीची हळद आहे. डीजेवाल्याला कोणती गाणी सांगू? (अमळनेरचा एक वाचक)

उत्तर :

भाऊ, हळदीचं शेवटी बघू. आधीच्या तिन्ही प्रश्नांना मी एकाच बाजूने भिडतो. कुठलंही गाणं कानावर पडलं की मी आधी विचारतो, हे कोण म्हणतंय, कोणाला म्हणतंय आणि आत्ताच का म्हणतंय? चाल, आवाज, ठेका हे सगळं त्याच्या मागून. परीक्षण लिहिणाऱ्याकडे कान असावा लागतो हे खरं, पण नुसत्या कानावर विसंबलं की आपल्याला जे आवडतं तेच चांगलं वाटायला लागतं, आणि आपल्याला काय आवडतं हे बहुतेक वेळा आपल्या विशीतच ठरून गेलेलं असतं. म्हणून हा प्रश्न हाताशी ठेवायचा. तो जुन्यालाही लावता येतो आणि कालच आलेल्यालाही.

जुन्यापासून सुरुवात करू. स्मिता पाटीलचं घराणं आपल्या शिरपूरचं, आणि कवी ना. धों. महानोर पळसखेडचे, अजिंठ्याच्या डोंगराच्या कुशीतले, म्हणजे आपले शेजारीच. या दोघांची गाठ जब्बार पटेलांच्या ‘जैत रे जैत’मध्ये पडली, १९७७ साली. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. त्या सिनेमातली गाणी बाजूला काढून बघा, हातात काय उरतं? फारसं काही नाही. ठाकरांची वस्ती गाण्यातून बोलते, गोष्ट गाण्यातून पुढे सरकते, नाग्या-चिंधीचं प्रेम गाण्यातच उमलतं. प्रत्येक गाण्याला धनी आहे. कधी ती चिंधी आहे, कधी अख्खी वस्ती.

आता ‘सैराट’ घ्या, २०१६. त्यातली गाणी बहुतेक मागूनच वाजतात, पडद्यावरचं माणूस तोंड हलवत नाही. म्हणजे ‘हल्ली गाणी मागे वाजतात म्हणून सिनेमा बिघडला’ ही आपल्याकडच्या जुन्या रसिकांची आवडती तक्रार इथेच गळून पडते. ‘याड लागलं’ परश्याचं आहे, ‘आताच बया का बावरलं’ आर्चीचं आहे, यात कोणाला तिळभर शंका येत नाही. अजय-अतुल लॉस एंजेलिसला गेले, तिथल्या वाद्यवृंदासोबत ध्वनिमुद्रण करून आले. करमाळ्याकडच्या विहिरीत उडी मारणाऱ्या पोराच्या मागे एवढी व्हायोलिनं कशाला, असं तेव्हा काही जणांनी विचारलं होतं. उत्तर साधं आहे. त्या पोराला स्वतःचं प्रेम तेवढंच मोठं वाटतंय. व्हायोलिनं करमाळ्यात वाजत नाहीत, परश्याच्या डोक्यात वाजतायत.

पण नागराज मंजुळेंची खरी करामत पुढे आहे. चारही गाणी पूर्वार्धात संपतात. ‘झिंगाट’वर थिएटरात लोक खुर्च्यांवर उभे राहून नाचले, शिट्ट्या झाल्या, पडद्यावर पैसे उधळले गेले, आणि त्यानंतर सिनेमाने गाणं बंद करून टाकलं. ही दोघं परमुलखात झोपडपट्टीत राहतात, भांडतात, संसार थाटतात, मागे गाणं नाही. आणि शेवटच्या प्रसंगात तर आवाजच काढून घेतलाय. गाणी संपल्याचं प्रेक्षकाला कळतही नाही, फक्त आता आपलं काही खरं नाही असं आतून वाटायला लागतं. सिनेमात गाण्याचा याहून हुशार उपयोग गेल्या दहा वर्षांत मी क्वचित पाहिला. आणि तो गाणं न वापरण्याचा उपयोग आहे.

मग बिघडलं कुठे? बिघडलं ते धंद्याच्या रीतीत. आता सिनेमाच्या आधी कित्येक आठवडे गाणं सोडतात, म्हणजे ते सिनेमाचं अंग न राहता सिनेमाची दवंडी होतं. एकाच सिनेमात पाच संगीतकारांची पाच गाणी असतात. एकाला पटकथा नीट सांगितलेली नसते, दुसऱ्याचं गाणं दोन वर्षांपूर्वीच तयार होऊन पडलेलं असतं. असं गाणं कोणाचंच नसतं. ते नायकाचं नाही, नायिकेचं नाही, गावाचंही नाही. मोटारसायकल चालू झाली की ते सुरू होतं आणि घाटाचं वळण संपलं की थांबतं. असल्या गाण्याची चाल चांगली असूनही ते मनात राहत नाही, कारण त्याला धरून ठेवायला आत माणूसच नसतो.

‘सैयारा’ने जुलै २०२५ मध्ये तरुण पोरापोरींना एवढं रडवलं, त्याचं कारणही मला इथेच सापडतं. तसं पाहिलं तर त्यातही संगीतकारांची रांग आहे. गाणं सिनेमाच्या आधी महिनाभर बाजारात होतं. गोष्ट तर अशी की आपल्या गावच्या गॅदरिंगमध्येही चालावी : तापट गायक, हळवी कवयित्री, आणि तिला कोवळ्या वयात विस्मरणाचा आजार. आजाराचं चित्रण मला उथळ वाटलं, तो आजार कथेच्या सोयीने येतो आणि सोयीने आवरतोही. पण नायक गायक आहे आणि शब्द तिचे आहेत. त्यामुळे प्रत्येक गाण्याचा पत्ता ठरलेला आहे, तिने लिहिलं, त्याने म्हटलं, तिच्यासाठी. शीर्षकगीत सहा मिनिटांच्या आसपास जातं. दीड मिनिटाच्या गाण्यांच्या काळात पोरं ते अख्खं ऐकतात, म्हणजे ‘आजच्या पोरांना धीर नाही’ हे आपण उगाच म्हणतो. त्यांना ऐकण्यासारखं काही दिलं तर धीर आहे.

त्याच वर्षी फेब्रुवारीत आलेला ‘छावा’ मात्र माझ्या या कसोटीवर अडखळला. सिनेमा इथे धो धो चालला, खेळ संपल्यावर पोरांनी गारद दिली, लहान मुलं हमसून रडली. तो अनुभव मी नाकारत नाही. विकी कौशलने जीव ओतलाय. माझी कुरकुर रहमानच्या संगीताबद्दल आहे. सतराव्या शतकाला हलगी-संबळच लावा असा माझा हट्ट नाही. पण पार्श्वसंगीत एका ठिकाणी थांबत नाही. दर प्रसंगाला ते आपल्याला सांगतं, आता छाती फुगवा, आता डोळे पुसा. शेवटचा भाग एवढा भीषण आहे की तिथे काहीही वाजवायची गरज नव्हती.

काही न वाजवणं म्हणजे काय ते बघायचं तर रोहन कानवडेचा ‘साबर बोंडं’ बघा. २०२५ च्या जानेवारीत त्याला सनडान्स महोत्सवात जागतिक विभागाचं परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, सप्टेंबरात तो आपल्याकडे लागला. बाप गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला मुंबईचा तरुण आणि गावातला त्याचा जुना मित्र, एवढीच गोष्ट. मागे संगीत नाही. गुरांचे, भांड्यांचे, वाऱ्याचे आवाज, आणि बायाबापड्यांचं ‘आता लग्न कर’ हे टुमणं. खान्देशात तो किती पडद्यांवर लागला हे विचारू नका, माझं ब्लडप्रेशर वाढतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. इथे मला जास्त बोलायचंय, कारण यावर फार थोडं लिहिलं गेलंय.

अहिराणी गाणी यूट्यूबवर आली आणि एकदम फुटली, तेव्हा शहाण्यासुरत्यांनी म्हटलं की मोबाइलने गाणं आखूड केलं, एकच ओळ दहादा घोळवतात. त्यांनी आखाजी, म्हणजे आपली अक्षय तृतीया, पाहिलेली नसावी. आखाजीला लेकी माहेरी येतात, कडुलिंबाला झोके बांधतात आणि ‘आथानी कैरी, तथानी कैरी’ म्हणत झुलतात. त्या गाण्यांची चाल चार-पाच सुरांत फिरते, एक ओळ एकीने म्हणायची, बाकीच्यांनी उचलायची, आणि तीच ओळ पुन्हा. भुलाबाईची गाणी तशीच, श्रावणातल्या कानबाईच्या रात्रीची गाणीही तशीच. फेर धरायचा, झोका घ्यायचा, रात्र जागवायची, तर गाणं असंच लागतं. ठुमरीवर झोका घेता येत नाही. म्हणजे आखूड, घोळवलेली, पटकन तोंडी बसणारी ओळ ही खान्देशाला मोबाइलने दिलेली नाही. ती आपल्या घरातच होती, मोबाइलने तिला बाजार दिला.

या नव्या गाण्यांतलं एक उदाहरण घेतो, कारण त्याची सर्वांत जास्त टिंगल झाली. ‘बबल्या इकस केसावर फुगे.’ टिकटॉकच्या काळात हे गाणं महाराष्ट्रभर गेलं. मुंबई-पुण्याच्या लोकांना ते निव्वळ वेडगळ वाटलं. केसावर फुगे म्हणजे काय, केसांना फुगे बांधतात का? आपल्याकडच्या कुठल्याही आजीला विचारा. बाया विंचरताना गळलेल्या केसांचं गुंतवळ कोनाड्यात, भिंतीच्या भेगेत जपून ठेवायच्या. सायकलवर हाकाटी करत फेरीवाला यायचा, केस तोलून घ्यायचा आणि बदल्यात पोरांना फुगे द्यायचा. गंगावनाच्या आणि टोपाच्या धंद्यातला तो सगळ्यात खालचा माणूस. या गाण्यात तो माणूस आहे, त्याचं नाव आहे, त्याचा धंदा आहे, त्याची हाकाटी आहे. गाण्याची मांडणी बटबटीत आहे, मान्य. पण माझ्या प्रश्नाला ते गाणं छातीठोक उत्तर देतं. त्याच काळातल्या किती हिंदी गाण्यांना ते जमलं असतं?

उलट ‘हाई झुमका वाली पोर’. चाल जास्त गोड, ठेका जास्त पक्का, खान्देशाबाहेरच्या लग्नांतही हमखास वाजणारं गाणं. अहिराणी ज्यांना कळत नाही तेसुद्धा नाचतात. पण पोर नुसती दिसते. नदी, झुमका, चाल, नजर. बघणारा पोरगा आहे, त्याच्याबद्दलही आपल्याला काही कळत नाही. माझ्यापुरतं ते छान वाजणारं गाणं आहे, त्यापुढे नाही.

आणि इथे एक मोठा बदल झालाय, ज्याबद्दल मला खरंच वाईट वाटतं. आखाजीच्या गाण्यात बोलणारी सासुरवाशीण असते. भाऊ न्यायला आला का, सासूने काय बोलून घेतलं, माहेरच्या वाटेवर काय दिसलं, हे ती सांगते. बहिणाबाई जात्यावर बसून बोलल्या तेही असंच. त्यांची बोली अहिराणी नव्हे, लेवा गणबोली, पण घर एकच. ‘अरे संसार संसार’ पुढे १९६१ च्या ‘मानिनी’त गेलं, वसंत पवारांची चाल, आशाबाईंचा आवाज, आणि सिनेमात ते चपखल बसलं, कारण त्याच्यात संसार करणारी बाई आधीच उभी होती. आजच्या खान्देशी पॉपमध्ये बाई दिसते खूप, बोलते कमी. दुहेरी गाण्यात तिला उत्तर दिलेलं असतं, पण ते उत्तर बहुधा पुरुषानेच तिच्या तोंडी घातलेलं असतं. ज्या मुलखाचं गाणं बायांनी शेकडो वर्षं सांभाळलं, तिथे हे व्हावं? आखाजीची लय घेतली, कैरीचा झोका घेतला, आणि झोक्यावरची बाई तेवढी खाली उतरवली.

संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ या बाबतीत मजेशीर आहे. हा आपल्या जळगाव जिल्ह्याचा पोरगा. २०२४ च्या सुरुवातीला ते गाणं आलं. मागे सिनेमा नाही, सिनेमाचा नट नाही. जी-स्पार्कने केलेलं संगीत, कॅरिबियन वळणाचा ठेका, आणि वर सरळसोट मराठी. बोल तिचे आहेत, आवाज त्याचा. यात नवं काही नाही, बाईच्या तोंडची लावणी लिहिणारे शाहीरही पुरुषच होते. नवं आहे ते तिचं मागणं. तिला दागिना नको, माहेरी जायचं नाही, तिला स्वतःचा फोटो काढून हवाय. म्हणजे गाणं ऐकून लोकांनी काय करायचं ते गाण्यातच सांगून ठेवलंय. त्यावर लाखो बायांनी गुलाबी साड्या नेसून रील केली. धंद्याच्या अंगाने बघा की काव्याच्या, ही कारागिरी आहे. कोण म्हणतंय? नटलेली बाई. कोणाला? नवऱ्याला म्हणा, प्रियकराला म्हणा. आत्ताच का? कारण साडी आत्ताच नेसलीय. तिन्ही उत्तरं चोख. पुढच्या वर्षीचं त्याचं ‘शेकी’ मला ठेक्यात सरस वाटलं, बोलात फिकं.

थिल्लर कशाला म्हणायचं मग? माझ्याकडे एक साधा प्रयोग आहे. नवं गाणं तीन ठिकाणी ऐकायचं. आधी मोबाइलच्या उघड्या स्पीकरवर. त्या चिमुकल्या स्पीकरमधून खर्जाचा आवाज येतच नाही, म्हणून हे संगीतकार टाळी, चुटकी आणि कीबोर्डवरची चिरकी पिपाणी पुढे ठेवतात. ते अज्ञान नव्हे, हिशेब आहे. मग डीजेवर, ट्रॉलीत रचलेल्या भिंतीसमोर. तिथे खर्ज छातीवर आदळतो आणि पिपाणी त्यात तरंगते. दोन्हीकडे एकच गाणं चालवणं सोपं नाही, आणि आपल्या जळगाव-धुळ्याच्या छोट्या स्टुडिओंतल्या पोरांनी ते साधलंय. त्यांच्या कानाला कमी लेखू नका. तिसऱ्यांदा वाद्यांशिवाय, अंगणात बसून, नुसत्या गळ्याने म्हणून बघायचं. बरीच गाणी इथे कोसळतात. दुसरा अंतरा भरतीचा निघतो, गायकाच्या आवाजावरून सूर सरळ करणारं यंत्र इतकं फिरवलेलं असतं की हा माणूस चोपड्याचा की चंदीगडचा ते कळत नाही. तेवढी एक गोष्ट मी या पोरांना हात जोडून सांगतो, गळ्याचा खरखरीतपणा घासून काढू नका. तो तुमचा आहे, आणि तो दुसऱ्या कोणाला विकत मिळत नाही.

नंदुरबारकडची टिमली मी इथे मुद्दाम धरलेली नाही. सातपुड्यातल्या आदिवासी लग्नांचं ते नाचगाणं गुजरात आणि मध्य प्रदेशाच्या हद्दी ओलांडून चालतं. त्याचा हिशेब अहिराणीच्या खात्यात मांडणं अन्यायाचं होईल. त्यावर भिलोरी-पावरी जाणणाऱ्याने लिहावं.

तिसरा प्रश्न, खान्देशाचा सिनेमा. इथे आधी मालेगावचं बोलायला हवं. सरकारदरबारी ते नाशिक जिल्ह्यात, पण बोली, बाजार आणि सोयरिकी यांनी ते आपल्याला लागून आहे. तिथे यंत्रमाग शुक्रवारी बंद, आणि शुक्रवारी कामगार सिनेमाला. नासिर शेख नावाच्या, व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या माणसाने त्या प्रेक्षकांसाठी ‘मालेगाव के शोले’ काढला. पुढे तिथल्या ‘सुपरमॅन’च्या चित्रीकरणावर फैजा अहमद खानने माहितीपट केला, ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’. आणि २८ फेब्रुवारी २०२५ ला रीमा कागतीचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ थिएटरात लागला. मला तो आवडला. आदर्श गौरव, शशांक अरोरा, विनीत कुमार सिंग या तिघांत शशांकने सगळ्यात कमी बोलून सगळ्यात जास्त काम केलंय. पण माहितीपट आणि हा सिनेमा लागोपाठ बघा. माहितीपटातल्या माणसांच्या तोंडची ती उर्दू-मराठी-खान्देशी खिचडी, त्यातला तिरकस विनोद, मोठ्या सिनेमात येईपर्यंत बराच घासूनपुसून आलाय. देशभर कळायला हवं ना! मालेगावची गोष्ट सांगायला मुंबईला यावं लागलं, आणि येताना बोलीचं सामान निम्मं वाटेतच उतरवावं लागलं.

त्याच मालेगावातून शफिक नाट्या या विनोदी नटाचा ‘छोटू दादा’ मोबाइलवर निघाला आणि ‘खान्देशी कॉमेडी’ हा शब्द बिहारपर्यंत गेला. पंधरा-वीस मिनिटांचे ते व्हिडिओ मी परीक्षकाच्या डोळ्यांनी बघायचा प्रयत्न केला. बरेच पांचट आहेत. पण मारामारी, धावाधाव, पडणं-झडणं यांची वेळ इतकी अचूक साधलेली असते की मूकपटांच्या जमान्यातल्या विनोदवीरांची आठवण यावी. म्हणजे खान्देशाचा सिनेमा नाही असं नव्हे भाऊ, तो थिएटरात नाही.

थिएटरात का नाही? गाणं करायला एक गायक, एक कीबोर्डवाला, दोन नाचणारी माणसं, केळीची बाग आणि ड्रोनवाला पुरतो. मग यूट्यूबवर टाकून मोकळं. चाललं तर पुढच्या लग्नसराईत स्टेजचे कार्यक्रम मिळतात, नाही चाललं तर फार बुडत नाही. सिनेमाला काही कोटी, दोन वर्षं, वितरक आणि पडदे लागतात. आपल्या तालुक्यांच्या गावांतल्या जुन्या टॉकीजा एकेक करत मंगल कार्यालयं नाहीतर व्यापारी संकुलं झाल्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला, चांगलं झालं, पण त्याच्या वरच्या तिकिटाला १८ टक्के तसाच आहे, आणि मल्टिप्लेक्सात शनिवार-रविवारी शंभराच्या आत शिरायला मिळतं कुठे? यावल किंवा पारोळ्याच्या घरातली चार माणसं सिनेमासाठी जळगावला जातात तेव्हा बसभाडं, तिकिटं आणि मक्याच्या लाह्यांचं सोन्याच्या भावाचं पुडकं असा तो खर्च असतो. ती माणसं तो एका ‘छावा’साठी करतात. आपल्या बोलीतल्या, अनोळखी चेहऱ्यांच्या सिनेमासाठी दुसऱ्यांदा करत नाहीत. त्यात त्यांची चूक नाही.

पैशाचं कारण खरं, पण तेवढंच सांगून सुटका करून घेणं बरं नाही. कोकणाकडे बघा. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेला सुबोध खानोलकरांचा ‘दशावतार’ मालवणी मुलखाचा, तिथल्या कलेचा, खाणीच्या धोक्याचा सिनेमा. ऐंशी ओलांडलेले दिलीप प्रभावळकर त्यात नायक. गोष्टीचा उत्तरार्ध मला भडक वाटला, पण लोकांनी अख्ख्या महाराष्ट्रात बघितला. कारण त्यांनी आपल्या मातीतलं एकच काहीतरी घट्ट धरलं, दशावताराचा खेळ. आपल्याकडे धरायला काय नाही? सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा आहे. नर्मदेच्या धरणात अक्राणी-अक्कलकुव्याची गावं बुडाली. भुसावळचं रेल्वेचं जग आहे, रावेरच्या केळीचे रातोरात पडणारे भाव आहेत. रात्रभर चालणारं वहीगायन आहे. पण अहिराणी सिनेमा काढायला बसलं की आपला माणूस आधी सासू-सुनेचं भांडण, दारुडा मामा आणि चार गाणी मांडतो, कारण यूट्यूबवर तेच चाललेलं असतं. जे मोबाइलवर फुकट मिळतं ते थिएटरात दीडशे रुपये देऊन कोण बघेल?

आपल्या माणसाला जमत नाही असं तर अजिबात नाही. शिवाजी लोटन पाटील मूळचे खान्देशातले. त्यांच्या ‘धग’ला २०१२ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत दिग्दर्शनाचा आणि उषा जाधवला अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. प्रेतं जाळण्याचं काम करणाऱ्या घरातला पोरगा ते काम नको म्हणतो, ही गोष्ट. पुढे त्यांच्या ‘भोंगा’ला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. विषय असे निवडले की दुसऱ्याने हात लावला नसता. आपल्याकडच्या गाणी करणाऱ्या पोरांपैकी कोणीतरी, दहा गाण्यांच्या पैशातून, चाळीस मिनिटांची एक गोष्ट करावी. गाणं एकच ठेवावं, आणि ते बाईने म्हणावं. केसावर फुगे विकणाऱ्या बबल्याच्या दिवसावरच करावी की! केस कुठे जातात, कोण विकत घेतं, तो दुपारी कुठे जेवतो. गाण्यात तो तीन मिनिटं दिसला, त्याचा दिवस अजून कोणी दाखवलेला नाही.

पेपरात या गाण्यांबद्दल का येत नाही, हेही तुम्ही विचारलंय. सिनेमाची जाहिरात पेपरात येते, गाण्याची येत नाही. बाकी कारणं मी शोधायला गेलो नाही. तुम्ही स्वतः लिहायला लागा. किती लाख लोकांनी पाहिलं हे पहिल्या वाक्यात लिहू नका, तो आकडा व्हिडिओखाली छापलेलाच असतो. गाणं कोणाचं आहे ते लिहा, कुठल्या ओळीला पाय थांबले ते लिहा.

आता हळद. हळद लागत असताना डीजे बंद ठेवा, हे पहिलं. आत्या, मावश्या, भावकीतल्या म्हाताऱ्या नवरीचं, मामाचं, वरमाईचं नाव गुंफून गाणी म्हणतात, ती त्यांना म्हणू द्या, मोबाइलवर रेकॉर्ड करा. त्या गाण्यांना तर तुमच्या बहिणीचाच पत्ता आहे. मग पोरांसाठी ‘केसावर फुगे’. बहिणी-मैत्रिणी नटून आल्या की ‘गुलाबी साडी’, आणि फोटोवाल्याला त्याआधी जेवू घाला. गर्दी जमली की ‘झुमका वाली पोर’ दोनदा, एकदाने कोणाचं भागत नाही. ‘सैयारा’ लावू नका, पोरं नाचायची थांबून एकमेकांकडे बघत बसतात आणि मांडवात नको ती प्रकरणं उघडी पडतात. ‘झिंगाट’ रात्री दहाच्या आत, कारण दहानंतर लाउडस्पीकरला कायद्याने बंदी आहे आणि तक्रार करणारा शेजारी प्रत्येक गल्लीत एक असतोच. बाकीची गाणी डीजेवाला तुम्हाला न विचारताच लावेल.